मांजराचा श्वास झोपेत मोजा: हृदयाच्या इकोला (सोनोग्राफीला) येणाऱ्या पालकांसाठी

"हृदय विषाणूने बिघडलं असेल, तर आधी विषाणूचीच तपासणी करा ना," असं बरेच पालक सुचवतात. शंका रास्त आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकार असलेल्या मांजरांच्या ३१ हृदयांपैकी १० मध्ये पॅनल्यूकोपेनियाच्या, म्हणजे मांजरांच्या पार्वोच्या विषाणूचा डीएनए सापडला. विकार नसलेल्या १७ पैकी एकातही नाही. पण डीएनए सापडला म्हणून आजार त्यानेच केला, असं ठरत नाही. मेन कून आणि रॅगडॉलमध्ये तर हृदयाचे स्नायू जाड होण्याचा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो. शीची पार्वो चाचणी हृदयाबद्दल काहीच सांगत नाही, शिवाय लसीनंतर काही दिवस ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून हृदयासाठी आम्ही ती करत नाही. औषध ठरतं ते बरंचसं हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या आकारावरून, आणि तो इकोत नीट मोजता येतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो श्वास मोजताना. रात्री फोन येतो, "मिनिटाला साठ झालेत!" विचारलं तर मांजर नुकतंच खेळलेलं असतं, नाहीतर मांडीवर घुरघुरत असतं. घुरघुरताना छाती थरथरते आणि आकडा फुगतो. मांजर गाढ झोपलेलं हवं. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. झोपेत मिशा-पंजे फडफडत असतील तर थांबा. ३० च्या आत असेल तर ठीक. वर गेला तर तासाभराने पुन्हा मोजा; तरीही वरच असेल तर त्याच दिवशी फोन करा. ४० च्या वर, तोंड उघडून श्वास, किंवा मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले, तर मोजत बसू नका, निघा. वाटेत तोंडात पाणी ओतू नका, उताणं पाडू नका. खोकल्याची वाट पाहू नका. हृदय बिघडलेलं मांजर सहसा खोकत नाही.

पिल्लांची पॅनल्यूकोपेनियाची लस मात्र चुकवू नका: ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत.

इकोसाठी वेळ आधी ठरवून या, म्हणजे कुत्र्यांच्या गर्दीत थांबावं लागणार नाही. वरून उघडणारी पेटी आणि घरचं फडकं आणा. येण्याआधी झोपेतल्या श्वासाचा मिनिटभराचा व्हिडिओ पाठवा. तो आम्ही तपासून ठेवतो.