ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस : नाताळ विशेष भाग

'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही बीबीसीची विनोदी मालिका. १९८१ ते २००३ या काळात नाताळच्या सुमारास तिचे जे स्वतंत्र, बहुतांशी दीर्घ भाग प्रक्षेपित झाले, ते नाताळ विशेष भाग म्हणून ओळखले जातात. मालिकेच्या एकूण ६४ भागांपैकी ४५ भाग सात पर्वांत विभागलेले असून उरलेले १९ नाताळचे आहेत. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवरील सणासुदीच्या विनोदी कार्यक्रमांचा सर्वोच्च बिंदू या भागांनीच गाठला आणि पुढे शिळेपणाचा आरोपही त्यांच्याच वाट्याला आला. विनोदी मालिकेचा ताजेपणा कसा टिकतो आणि कसा सरतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

ब्रिटनमध्ये नाताळचा दिवस मुख्यतः घरात साजरा होतो. दुकाने बंद असतात, लंडनमधील सार्वजनिक वाहतूक जवळजवळ थांबते, आणि दुपारचे भोजन व तीन वाजताचा राजघराण्याचा संदेश आटोपला की तीन पिढ्या एकाच खोलीत दूरचित्रवाणीसमोर बसतात. १९८१ साली त्या देशात केवळ तीन वाहिन्या होत्या. चौथी १९८२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. त्यामुळे नाताळच्या संध्याकाळी बीबीसी व तिची व्यावसायिक प्रतिस्पर्धी आयटीव्ही यांच्यात होणारी प्रेक्षकांची ओढाताण ही दरवर्षीची मोठी चढाओढ असे. एखाद्या मालिकेला त्या संध्याकाळची वेळ मिळणे हा तिचा मोठा मान समजला जाई. मात्र मानाबरोबर एक अटही येई : एरवी मालिका न पाहणाऱ्या आजीपासून लहान मुलापर्यंत सर्वांना तो भाग समजला पाहिजे आणि आवडला पाहिजे.

मालिकेचे लेखक जॉन सलिव्हन हे दक्षिण लंडनमधील कामगार वस्तीत वाढलेले होते. काम करतात ते फक्त मूर्ख आणि घोडे, अशा अर्थाच्या एका जुन्या म्हणीवरून मालिकेला नाव मिळाले. ८ सप्टेंबर १९८१ रोजी पहिला भाग दाखवला गेला. दक्षिण लंडनमधील पेकम या वस्तीतील नेल्सन मंडेला हाउस नावाच्या उंच इमारतीत राहणारे दोन भाऊ, थोरला डेल (डेव्हिड जेसन) आणि धाकटा रॉडनी (निकोलस लिंडहर्स्ट), हे तिचे नायक. आई मेलेली, बाप परागंदा; डेलने रॉडनीला लहानाचा मोठा केलेला. पिवळ्या तीनचाकी व्हॅनमधून संशयास्पद माल आणायचा, सुटकेस उघडून तो बाजारात विकायचा, आणि पोलीस दिसताच सुटकेस मिटून पळायचे, हा त्यांचा धंदा. "पुढच्या वर्षी याच वेळेला आपण लक्षाधीश झालेले असू" हे डेलचे पालुपद. हे वाक्य म्हणजे मालिकेचा कणा होता, आणि पुढील ऱ्हासाचे कारणही त्यातच शोधावे लागते.

आरंभीचे नाताळ भाग साधे होते. २८ डिसेंबर १९८१ चा 'ख्रिसमस क्रॅकर्स' हा नेहमीच्या भागापेक्षा फारसा मोठा नव्हता. घरातल्या आजोबांनी बिघडवलेले सणाचे जेवण आणि कंटाळलेले दोन भाऊ, एवढाच त्याचा ऐवज. १९८३ चा 'थिकर दॅन वॉटर' हा प्रत्यक्ष नाताळच्या दिवशी दाखवलेला पहिला भाग. त्यात परागंदा बाप घरी परततो. आजोबांची भूमिका करणारे लेनर्ड पिअर्स यांचे डिसेंबर १९८४ मध्ये निधन झाले आणि त्या वर्षी विशेष भाग झाला नाही. त्यांच्या जागी बस्टर मेरीफील्ड यांचे अंकल अल्बर्ट हे जुने दर्यावर्दी पात्र आले.

१९८५ चा 'टू हल अँड बॅक' हा भाग मात्र मुळातच वेगळ्या घडणीचा होता. सुमारे दीड तासाचा हा भाग चित्रपटासारखा फिल्मवर, बाह्य स्थळी चित्रित झाला होता आणि त्यात स्टुडिओतील प्रेक्षकांचा हशा नव्हता. हिऱ्यांच्या तस्करीसाठी डेल, रॉडनी आणि अल्बर्ट एका जुनाट बोटीतून ॲम्स्टरडॅमला निघतात. नौदलात आयुष्य काढलेल्या अल्बर्टला दिशा ठरवता येत नाही, कारण तो कायम बोटीच्या तळाशी बॉयलरजवळच काम करत होता. भर समुद्रात रस्ता चुकल्यावर डेल तेथील वायू उत्खननाच्या मनोऱ्यावरील माणसाला ओरडून विचारतो : हॉलंड कोणीकडे? प्रचंड समुद्र, एवढीशी बोट आणि पेकमच्या नाक्यावर पत्ता विचारावा तसा विचारलेला प्रश्न, यांत लांबीचे सार्थक झाले होते. नेमक्या त्याच संध्याकाळी आयटीव्हीने आपल्या 'माइंडर' या लोकप्रिय मालिकेचा दीर्घ भाग ठेवला होता, म्हणून या प्रक्षेपणाला दोन वाहिन्यांमधील लढतीचे रूप आले.

यातूनच एक चुकीचा धडा घेतला गेला, असे म्हणता येईल. १९८६ च्या 'अ रॉयल फ्लश' या भागात रॉडनीची एका ड्यूकच्या मुलीशी ओळख होते आणि डेल आगंतुकपणे ऑपेरागृहात व नंतर ड्यूकच्या हवेलीत जाऊन धाकट्या भावाची अब्रू घालवतो. लांबी होती, थाट होता, पण डेलच्या उद्धटपणामागची माया त्यात हरवली होती, आणि हशा नसल्यामुळे तो उद्धटपणा अधिकच बोचरा वाटला. सलिव्हन स्वतः या भागावर समाधानी नव्हते. पुढे डीव्हीडीसाठी त्यातील बरेच प्रसंग कापून आणि हशा जोडून नवे संकलन करण्यात आले. मालिका भरात असतानाच हा भाग फसला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ताजेपणा सरण्याचा संबंध केवळ वयाशी असतो, या समजुतीला त्यामुळे छेद जातो.

त्यानंतरची सात वर्षे हा विशेष भागांचा समृद्ध काळ होय. १९८८ च्या 'डेट्स' मध्ये वधूवर सूचक संस्थेमार्फत डेलची रॅकेलशी (टेसा पीक-जोन्स) गाठ पडते. वॉटर्लू स्थानकाच्या घड्याळाखालची त्यांची पहिली भेट हळवी आणि तितकीच हास्यास्पद आहे. १९८९ च्या आरंभीच्या पर्वापासून नेहमीचा भागही ३० ऐवजी ५० मिनिटांचा झाला, कारण अर्ध्या तासात बसवण्यासाठी सलिव्हन यांचे चांगले लेखन कापावे लागत होते. या वाढीव वेळेचा उपयोग त्यांनी पात्रांना वाढवण्यासाठी केला : रॉडनीचे कॅसँड्राशी लग्न झाले, डेलला मुलगा झाला. १९८९ चा 'द जॉली बॉईज आउटिंग' हा भाग या काळातील सर्वांत निर्भेळ आनंदाचा म्हणावा लागेल. पेकमच्या मद्यगृहातील मित्रमंडळी बसने मार्गेटच्या समुद्रकिनारी सहलीला जातात, डेलने विकलेल्या रेडिओमुळे बसला आग लागून तिचा स्फोट होतो, आणि सगळ्यांना रात्रीपुरता निवारा शोधत फिरावे लागते. येथे स्थलांतर आहे, पण ते पेकमच्या माणसांना परवडेल असे, एका दिवसाच्या सहलीचे आहे. १९९१ च्या दोन भागांच्या 'मायामी ट्वाइस' मध्ये डेल आणि रॉडनी अमेरिकेत जाऊन स्थानिक टोळीच्या म्होरक्याशी असलेल्या डेलच्या साम्यामुळे संकटात सापडतात, तेव्हा हास्य पात्रांतून न येता योगायोगातून येऊ लागल्याचे जाणवते. १९९२ च्या 'मदर नेचर्स सन' मध्ये नळाचे पाणी बाटल्यांत भरून झऱ्याचे म्हणून विकण्याची कल्पना मालिकेला पुन्हा पेकमला आणते. २००४ साली एका मोठ्या शीतपेय कंपनीचे बाटलीबंद पाणी मुळात शुद्ध केलेले नळाचेच असल्याचे ब्रिटनमध्ये उघड झाले, तेव्हा वृत्तपत्रांना सर्वप्रथम आठवला तो हाच भाग.

फेब्रुवारी १९९१ मध्ये सातवे पर्व संपले आणि त्यानंतर साप्ताहिक पर्व पुन्हा कधीच झाले नाही. वरवर पाहता ही निर्मितीच्या सोयीची बाब होती, कारण लेखक व प्रमुख नट इतर कामांत गुंतले होते. परंतु विशेष भागाचा अर्थच तिने बदलून टाकला. तोवर विशेष भागाला साप्ताहिक भागांची साथ होती. सहा आठवडे पाहिलेल्या घरगुती कुरबुरींमुळे नाताळच्या मोठ्या कथेला आपोआप वजन येई, आणि छोट्या भागात एखादी गंमत फसली तरी पुढच्या आठवड्यात ती भरून निघे. आता वर्षातून एकदा, पुढे तर काही वर्षांतून एकदा, सारा भार एकाच भागावर पडू लागला. पात्रांची पुन्हा ओळख करून द्यायची, मधल्या काळातील घडामोडी सांगायच्या, आवडती पालुपदे ऐकवायची आणि वर एक पूर्ण कथाही सांगायची, अशा ओझ्याखाली नवीन काही सुचायला जागा उरत नाही.

१९९६ च्या तीन भागांनी या अडचणीवर अपूर्व तोडगा काढला. २५, २७ आणि २९ डिसेंबरला दाखवलेले 'हीरोज अँड व्हिलन्स', 'मॉडर्न मेन' आणि 'टाइम ऑन अवर हँड्स' हे भाग मिळून जणू एक छोटे पर्वच होते. पहिल्यात बॅटमन आणि रॉबिनच्या वेशातील दोघे भाऊ वेषभूषेच्या मेजवानीसाठी धुक्यातून धावत जातात आणि पोहोचतात एका शोकसभेत, कारण यजमान मधल्या काळात वारलेला असतो. दुसऱ्यात कॅसँड्राचा गर्भपात होतो. तिसऱ्यात ते दुःख मनात दडवून बसलेल्या रॉडनीला बोलते करण्यासाठी डेल त्याला बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकवतो. लिफ्ट आपणच बंद पाडली होती, हे तो शेवटी दाखवतो. विनोदी मालिकेत दुःखाला इतकी जागा देणे आणि तरीही हसू न मावळू देणे ही सलिव्हन यांच्या लेखणीची खरी ताकद होती. अखेरीस त्यांच्या गॅरेजमधील अडगळीत अठराव्या शतकातील घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी बनवलेले हरवलेले घड्याळ सापडते आणि लिलावात त्याला ६२ लाख पौंड मिळतात. पंधरा वर्षे ऐकलेले पालुपद खरे ठरते. हा भाग २ कोटी ४३ लाख प्रेक्षकांनी पाहिला. ब्रिटनमधील विनोदी मालिकेसाठी हा उच्चांक आहे. दोघे भाऊ आणि अल्बर्ट सूर्यास्ताच्या दिशेने चालत निघतात ही त्याची अखेर सलिव्हन यांनी मालिकेचा शेवट म्हणूनच लिहिली होती, आणि तो शेवट पुरेपूर होता.

तरीही पाच वर्षांनी मालिका परतली. २००१ च्या 'इफ दे कुड सी अस नाऊ' च्या आरंभी भाऊ मोनॅकोत ऐषारामात दिसतात, पण मध्य अमेरिकेतील बाजार कोसळल्याने सर्व पैसा बुडतो आणि कुटुंब पुन्हा पेकमच्या घरात येते. कथेची ही गरज होती, कारण श्रीमंत डेलजवळ मागण्यासारखे काही नव्हते. पण गरिबी आता पूर्वीची राहिली नव्हती. पूर्वीचा डेल कधीच न मिळालेल्या गोष्टीची आस धरून होता; नवा डेल मिळून गेलेल्या गोष्टीकडे पाहत होता. पहिल्यात पुढे धाव घेणारी उमेद होती आणि तिच्यातूनच हशा निर्माण होत असे. दुसऱ्यात हळहळ होती, आणि हळहळीला तो वेग येत नाही.

त्यातच माणसे गेली होती. मेरीफील्ड १९९९ मध्ये वारले. मद्यगृहाचा मालक माइक साकारणारे केनेथ मॅक्डोनाल्ड २००१ च्या ऑगस्टमध्ये. अल्बर्टच्या मृत्यूला कथेत स्थान मिळाले, माइक अफरातफरीपायी तुरुंगात गेल्याचे सांगितले गेले. हे प्रामाणिकपणे हाताळले गेले असले, तरी पेकमच्या त्या मद्यगृहातील बोलाचालीची लय मोडली ती मोडलीच. २००२ च्या 'स्ट्रेंजर्स ऑन द शोअर' मध्ये दोघे भाऊ अल्बर्टच्या जुन्या नौसैनिकांच्या स्मरणसोहळ्यासाठी फ्रान्सला जातात आणि नकळत एका निर्वासिताला सोबत घेऊन येतात. २००३ च्या 'स्लीपलेस इन पेकम' मध्ये रॉडनीचा खरा बाप कोण, हा १९८७ च्या 'द फ्रॉग्ज लेगसी' पासून लोंबकळणारा प्रश्न एका जुन्या छायाचित्राने सुटतो, रॉडनीला मुलगी होते, आणि अल्बर्टच्या मृत्युपत्रातून दोघा भावांना प्रत्येकी १ लाख ४५ हजार पौंड मिळतात. तिन्ही भागांत मृत अल्बर्ट कथेच्या केंद्राशी आहे आणि प्रश्नांची उत्तरे भूतकाळातून येतात. पेकममध्ये आज काय घडते आहे, हा मालिकेचा मूळ विषय. तो या भागांत जवळजवळ नाही. १९८० च्या दशकात बदलत्या बाजारपेठेचा वारा लागलेला, शेअर दलालांसारखा कोट घालून मिरवणारा डेल त्या काळाच्या नाडीवर बोट ठेवणारा होता. २००२ मध्येही तो तेच शब्द उच्चारत होता, पण भोवतालचे शहर बदलून गेले होते.

प्रेक्षकसंख्येचा पुरावा मात्र जपून वापरावा लागतो. २००१ चा भाग २ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, पुढील दोन्ही भागांना त्याहून बरेच कमी प्रेक्षक लाभले, आणि समीक्षकांनीही त्यांचे स्वागत थंडपणे केले. तथापि तोवर उपग्रह व डिजिटल वाहिन्यांनी प्रेक्षक वाटून घेतले होते, आणि घसरलेल्या आकड्यांनिशीही हे भाग त्या त्या नाताळात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत मोडत होते. लोक रागावून उठून गेले नाहीत. जुन्या सोबत्यांना भेटावे तसे ते येत राहिले, आणि त्या ओढीला कमी लेखण्याचे कारण नाही. २००४ मध्ये बीबीसीने घेतलेल्या जनमत चाचणीत ब्रिटनची सर्वोत्तम विनोदी मालिका म्हणून हिलाच पहिले स्थान मिळाले.

२००५ ते २००९ या काळात बॉयसी या उपपात्रावर बेतलेली 'द ग्रीन ग्रीन ग्रास' ही मालिका आणि २०१० पासून डेलच्या आईच्या तरुणपणावरील 'रॉक अँड चिप्स' हे भाग सलिव्हन यांनी लिहिले. एप्रिल २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ साली 'स्पोर्ट रिलीफ' या निधिसंकलनाच्या कार्यक्रमासाठी जेसन आणि लिंडहर्स्ट यांनी फुटबॉलपटू डेव्हिड बेकम यांच्यासह काही मिनिटांचा एक प्रसंग केला. पूर्ण लांबीचा नाताळ भाग मात्र २५ डिसेंबर २००३ नंतर झालेला नाही.