बॉटला झोप येत नाही

लालबाग-परळकडच्या एखाद्या चाळीत संध्याकाळी गॅलरीत चार पोरं मोबाईल आडवे धरून गेम खेळत बसलेली असली की दोन आरोप हमखास कानावर पडतात. समोरचा पटकन मेला तर "बॉट होता रे" (म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्राम खेळत होता), आणि समोरच्याने यांना पटकन उडवलं तर "हॅकर आहे, रिपोर्ट मार त्याला." पुरावा दोन्ही वेळा शून्य.

गंमत म्हणजे पहिला आरोप बरेचदा खरा असतो आणि त्यात कुणाचा गुन्हाही नसतो. शंभर जणांच्या लढाईत नवख्या खेळाडूंना लॉबीत ताटकळत ठेवण्यापेक्षा कंपन्या आपलेच बॉट मैदानात सोडतात. फोर्टनाइट या गेमने २०१९ मध्ये तसं जाहीरही केलं होतं. हे बॉट कंपनीच्या दप्तरी बॉट म्हणूनच नोंदलेले असतात, त्यामुळे ते शोधायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या बाजूला, खेळतो माणूस पण नेम धरायचं काम सॉफ्टवेअर करतं, ही सरळसरळ चीटिंग. आपल्याला इथे बोलायचंय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल: आयडी, म्हणजे गेममधलं खातं, माणसाच्या नावाने उघडलेली, आणि चालवतो मात्र प्रोग्राम.

असा उपद्व्याप कोणी का करावा? पैशासाठी. मोठ्या ऑनलाइन गेममध्ये सोनं, कॉइन, शस्त्रं मिळवायला तासन्‌तास तेच तेच करावं लागतं. तो कंटाळा प्रोग्रामवर सोपवायचा आणि जमलेला माल खऱ्या पैशांत विकायचा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसाठी 'ग्लायडर' नावाचा बॉट अमेरिकेत राजरोस विकला जात होता. पुढे गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डशी त्याचा खटला झाला, तेव्हा कोर्टाच्या कागदांत आकडा आला की सप्टेंबर २००८ पर्यंत ग्लायडरचे सुमारे १,२०,००० परवाने विकले गेले होते आणि उलाढाल ३५ लाख डॉलरची होती. इतके बॉट रात्रंदिवस सोनं खणायला लागले की गेममध्ये सोन्याचा महापूर येतो, भाव चढतात आणि हाताने खेळणाऱ्याची कमाई मातीमोल होते.

काही ठिकाणी पैशाचाही संबंध नसतो, निव्वळ खोडी असते. टीम फोर्ट्रेस २ हा २००७ सालचा गेम २०११ मध्ये फुकट झाला, म्हणजे नवीन आयडी उघडायला खर्च उरला नाही. पुढे त्यात अचूक नेमाच्या स्नायपर बॉटांच्या टोळ्या घुसल्या. त्या एकत्र मत देऊन खऱ्या खेळाडूंनाच बाहेर काढत, आणि आपल्यावर आरोप येऊ नये म्हणून त्याच सामन्यातल्या खेळाडूंची नावं लावून फिरत. वैतागलेल्या चाहत्यांनी मे २०२२ मध्ये ट्विटरवर मोहीम चालवली, २०२४ मध्ये पुन्हा चालवावी लागली.

आता पकडायचं कसं? पहिली सुचणारी कल्पना अशी की जो फार भारी खेळतो तो बॉट. ही डोक्यातून काढून टाका. माल जमवणारे बहुतेक बॉट यथातथाच खेळतात. त्यांना जिंकायचं नसतंच. शोधणारे लोक वेगळाच प्रश्न विचारतात: या आयडीच्या मागे शरीर आहे का?

शरीर असलं की उशीर आलाच. डोळ्यांनी दिसलं आणि बोट हललं, यात साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात. ५० मिलिसेकंदांत वारंवार गोळी झाडणारा माणूस नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण बॉट लिहिणाराही काही दुधखुळा नसतो. तो प्रोग्राममध्ये २५० मिलिसेकंदांची मुद्दाम वाट पाहायला लावतो. मग प्रत्येक वेळी नेमके २५० येतात आणि तेच अंगाशी येतं. म्हणून तो २०० ते ३०० मधला कुठलाही आकडा यदृच्छेने निवडतो. तरी फसतो, कारण माणसाचे उशीर असे सपाट पसरलेले नसतात. त्यांचा आलेख काढला तर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपूट दिसतं: बहुतेक वेळा २५० च्या आसपास, त्याहून फार लवकर जवळजवळ कधीच नाही, आणि अधूनमधून मात्र पाचशे, आठशे, दोन सेकंद. आईने आतून हाक मारली, नाकावर डास बसला, मन दुसरीकडे गेलं. हे शेपूट हुबेहूब बनवणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

बोटाच्या हालचालीचंही तसंच. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याचा आकार यांवर ठराविक पद्धतीने अवलंबून असतो: लांबचं, बारीक लक्ष्य असेल तर जास्त वेळ, जवळचं आणि मोठं असेल तर कमी. माऊस हलवताना आपण आधी एक जोराची झेप घेतो, बहुधा थोडे पुढे जातो किंवा अलीकडे राहतो, मग बारीक दुरुस्त्या करत लक्ष्यावर येतो. स्वस्तातला बॉट सरळ रेषेत एकाच वेगाने जातो आणि बटणाच्या मधोमध टेकतो. मोबाईलवर तर आणखी तपशील सापडतो. अंगठा काचेवर टेकतो तेव्हा त्याखालचा भाग कमीजास्त होतो, उचलेपर्यंत तो किंचित सरकतो. एकच बटण हजारदा दाबलेल्या जागा नकाशावर मांडल्या तर उजव्या अंगठ्याचा एक तिरका ढग दिसतो. ऑटो क्लिकरचा, म्हणजे आपोआप टॅप करणाऱ्या ॲपचा, एक ठिपका दिसतो. (जाता जाता: फुकट ऑटो क्लिकर टाकताना तो अँड्रॉइडची ॲक्सेसिबिलिटी परवानगी मागतो, आणि ती दिली की त्या ॲपला तुमचा स्क्रीन वाचता येतो. त्याच फोनवर यूपीआय असतं, एवढं ध्यानात ठेवावं.)

मला यातलं सगळ्यात आवडलेलं काम तैवानचं आहे. कुआन-ता चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रॅग्नरॉक ऑनलाइन या गेमचा अभ्यास मांडला. त्यांनी गेमच्या आत डोकावलंच नाही. खेळाडू आणि सर्व्हर यांच्यात जाणाऱ्या डेटाच्या पाकिटांच्या फक्त वेळा पाहिल्या. त्यांना आढळलं की नेटवर्क मंदावलं की माणूस नकळत आपला वेग कमी करतो. समोर चित्रच उशिरा हलतं, तेव्हा हातही उशिरा हलतो. बॉट आपल्या घड्याळावर चालतो. ही गोष्ट मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोत खेळत बसलेल्या पोराचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) साठ मिलिसेकंदांवरून एकदम चारशेवर गेलं की तो आधी दोनदा उगाच टॅप करतो, मग थांबतो, शिवी हासडतो, फोन खिडकीकडे धरतो. खिडकीबाहेर भिंत आहे हे माहीत असूनही धरतो. सर्व्हरवर यातलं काही दिसत नाही, पण आज्ञांची लय बिघडलेली दिसते, आणि ती बिघडण्याची तऱ्हा माणसाची असते.

नेटवर्क, हात, डोळा झाले. उरली झोप. चोवीस तासांतले बावीस तास चालू असलेली आयडी संशयास्पदच. कोरियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लिनिएज, एऑन अशा गेमच्या नोंदींवरून दाखवलं की बॉटचा आजचा दिवस कालच्या दिवसासारखाच असतो. स्वतःशी असलेलं हे साम्य मोजता येतं आणि त्यावरून आयडी ओळखता येते.

इथे मात्र मुंबईचं घर आडवं येतं. एका खोलीत एक बऱ्यापैकी फोन, त्यावर एकच आयडी. दुपारी शाळेतून आलेली बहीण खेळते, रात्री थोरला भाऊ, आणि रात्रपाळी करून आलेला काका पहाटे अर्धा तास. मशीनच्या नजरेत हा न झोपणारा खेळाडू. आयपी पत्त्यावरून पकडावं तर मोबाईल कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून इंटरनेटवर सोडतात. एकाला बंद केलं तर बाकीचे विनाकारण अडकतात. हाताला अपंगत्व असलेला खेळाडू वेगळं बटण किंवा साधन वापरतो, त्याच्या टॅपही नेहमीच्या ढगात बसत नाहीत.

चूक छोटी असली तरी किती महाग पडते, ते कागदावर करून पाहा. समजा गेममध्ये १० लाख आयडी आहेत आणि त्यांतल्या १ टक्का, म्हणजे १०,००० बॉट. तपासणी ९९ टक्के अचूक धरू. ती ९,९०० बॉट पकडेल. उरलेल्या ९,९०,००० माणसांपैकी १ टक्क्याला ती चुकून बॉट म्हणेल, म्हणजे तेही ९,९००. पकडलेल्यांत निम्मे निर्दोष! ९९ टक्के ऐकायला छान वाटतं, पण जे शोधायचं ते दुर्मीळ असलं की इतकी अचूकता पुरत नाही. म्हणून एका खुणेवर आयडी बंद करणारी कंपनी मला तरी बेजबाबदार वाटते. पाच-सहा वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की मग कारवाई, हीच रीत बरी.

खेळाडूंच्या रिपोर्टची जागा इथे येते. आपल्याकडे समज असा की चाळीस जणांनी रिपोर्ट मारला की आयडी उडते. तसं असतं तर हरलेल्या प्रत्येक स्क्वॉडने जिंकणाऱ्याला घरी बसवलं असतं. रिपोर्ट म्हणजे 'इकडे बघा' एवढाच निरोप. व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये २०१३ साली 'ओव्हरवॉच' नावाची व्यवस्था आणली. तक्रार आलेल्या सामन्याचे आठ राउंड अनुभवी खेळाडूंना दाखवायचे, संशयिताचं नाव झाकून. त्यांनी ठरवायचं: वाजवी शंकेपलीकडे सिद्ध, की पुरावा अपुरा. नाव झाकणं महत्त्वाचं, कारण जुनी खुन्नस नावावरच निघते. पुढे हेच निकाल शिकवणी म्हणून वापरून कंपनीने 'व्हॅकनेट' ही शिकणारी यंत्रणा तयार केली. २०१८ मध्ये कंपनीच्या अभियंत्याने सांगितलं की खेळाडूंच्या तक्रारीतून आलेल्या प्रकरणांत दोषी ठरण्याचं प्रमाण १५ ते ३० टक्के होतं, तर व्हॅकनेटने निवडलेल्या प्रकरणांत ८० ते ९५. म्हणजे आपण मारतो त्यांतले बहुतेक रिपोर्ट हे हरल्याचं दुःख असतं. पण यंत्रणा शिकली ती माणसांनी दिलेल्या निकालांवरच, हेही खरं.

उपयोगी रिपोर्ट मारायचा तर गेममधल्याच बटणाने मारावा. त्याने सामना आणि आयडी आपोआप जोडली जाते. योग्य प्रकार निवडावा: शिवीगाळ वेगळी, चीटिंग वेगळी, बॉट वेगळा. लिहायची जागा असेल तर "नूब हॅकर बॅन करा" ऐवजी पाहिलेलं लिहावं: दहा मिनिटं त्याच तीन झाडांमध्ये फिरत होता, समोर उभं राहिलो तरी वाट बदलली नाही, बोललो तर उत्तर नाही. एकाने एकदा मारावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकून झुंडीने रिपोर्ट मारण्याचा प्रकार यंत्रणांना ओळखू येतो, आणि त्यात सापडलेला बिचारा खरा असला तर त्याचं गावभर नाव खराब होतं ते वेगळंच. रुनस्केप या गेमने २०१२ मध्ये तर पकडलेल्या बॉटांवर गेमच्या आतच खटला चालवायची जागा काढली, बॉटनी बे नावाची. प्रेक्षकांनी शिक्षा निवडायची. करमणूक म्हणून ठीक, कारण आरोपी आधीच बॅन झालेला असे.

रिपोर्ट मारूनही दोन आठवडे तोच बॉट तिथेच दिसतो, मग पोरं म्हणतात कंपनी झोपली आहे. पुष्कळदा ती मुद्दाम थांबलेली असते. पकडल्या क्षणी आयडी बंद केली तर बॉट लिहिणाऱ्याला कळतं की कुठल्या चालीने फसलो, आणि संध्याकाळपर्यंत तो ती बदलतो. सगळ्या आयडी एकदम बंद केल्या की नेमकं कशाने सापडलो हे त्याला उमगत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हॉल्व्हने डोटा २ या गेममधल्या ४०,००० हून जास्त आयडी एका फटक्यात बंद केल्या. ते बॉट नव्हते, लपलेली माहिती वाचणारी सॉफ्टवेअर वापरणारे होते, पण सापळा बघण्यासारखा होता. गेमच्या डेटात एक असा कोपरा ठेवला होता की सरळ खेळताना तो कधीच वाचला जात नाही. ज्याने वाचला, त्याने आपली ओळख स्वतःच दिली.

एवढं सगळं असूनही निव्वळ वागणुकीवरचा भरवसा कमी होत चाललाय. बॉटप्राइझ नावाच्या स्पर्धेत अनरियल टूर्नामेंट २००४ या गेममध्ये माणसं आणि बॉट एकत्र खेळत, आणि कोण माणूस आणि कोण बॉट ते परीक्षक खेळता खेळता ओळखत. २०१२ मध्ये, यंत्र माणूस म्हणून खपेल का ही कसोटी सुचवणाऱ्या ॲलन ट्युरिंगच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, दोन बॉटांना ५२ टक्के वेळा माणूस ठरवलं गेलं. खऱ्या माणसांची सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास होती! त्यांतला एक बॉट तर समोरच्याच्याच हालचालींची नक्कल करत होता.

मग लक्ष हातावरून मालाकडे वळलं. बॉट माणसासारखा चालेल, चुकेल, मधेच थांबेलही, पण खणलेलं सोनं त्याला कधीतरी कुणाच्या तरी हवाली करावंच लागतं, नाहीतर धंदा कसला? पन्नास आयडी रात्रभर राबतात आणि पहाटे सगळा माल बदल्यात काही न घेता एकाच आयडीला देऊन टाकतात, असं चित्र देवाणघेवाणीच्या नोंदींत ठळक दिसतं. दलाल मधे चार आयडी घालून वाट वाकडी करतात, तरी शेवटचं टोक गिऱ्हाईकाकडेच जातं. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०१६ मध्ये कायदा बदलून चीटिंगचे प्रोग्राम बनवून वाटणाऱ्यांना कैद किंवा दंड ठेवला. बॉटचं सोनं विकत घेणाऱ्या खेळाडूला कैद नाही. त्याच्या आयडीतलं सोनं काढून घेतलं जातं, कधी आयडीच जाते, आणि त्याने टेलिग्रामवर ज्याला पैसे दिलेले असतात तो तोवर नाव बदलून मोकळा झालेला असतो.