आकडा हवेचा, पाणी फुलांचं

गांजाची काढणी झाली की फुलोरे आधी टांगून सुकवतात आणि मग काचेच्या बरण्यांत भरून काही आठवडे मुरत ठेवतात. जिथे ही लागवड कायदेशीर आहे, तिथे अशा बरणीत हल्ली एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक हमखास दिसतो. त्यावर ६० च्या आसपास आकडा आला की निश्चिंत व्हायचं, ७० कडे सरकला की झाकण उघडायचं, ५० च्या खाली गेला की फुलं वाजवीपेक्षा जास्त वाळली असं समजायचं, असा ढोबळ हिशेब असतो. हिशेब बरोबरच आहे. पण तो आकडा नेमका कशाचा, हे कळलं की बरणीकडे बघण्याची नजरच बदलते.

वरवर पाहता तो बरणीतल्या हवेचा आकडा आहे. मात्र त्या हवेत पाणी असतं तरी किती? २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प सामावून घेते. म्हणजे एक लिटर हवेत फार तर १७ मिलिग्रॅम, आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, ६० टक्के असेल तर जेमतेम १० मिलिग्रॅम. मापकावरचा आकडा याच टक्क्यांचा. आता एक लिटरच्या बरणीत ३० ग्रॅम फुलोरे आहेत आणि त्यांच्या वजनात १२ टक्के पाणी आहे असं धरू. ते भरतं ३,६०० मिलिग्रॅम. हवेतल्या पाण्याच्या साडेतीनशे पट! इतकी तफावत असताना हवेचं काही चालत नाही. झाकण लागलं की फुलांमधून पाण्याचे रेणू हवेत येत राहतात, हवेतले काही परत फुलांना चिकटतात, आणि ही ये-जा सारखी झाली की आकडा स्थिरावतो. मापक हवेत असला, तरी तो सांगतो फुलांबद्दल.

फुलांबद्दल तरी नेमकं काय सांगतो? त्यांच्यात एकूण पाणी किती, हे नव्हे. वनस्पतीतलं सगळं पाणी सारखं नसतं. काही रेणू सेल्युलोजच्या तंतूंना घट्ट धरून असतात, ते सहजी उडून जात नाहीत आणि बुरशीलाही वापरता येत नाहीत. उरलेलं पाणी त्या मानाने मोकळं असतं. या मोकळेपणाचं माप म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये दाखवून दिलं की, जिवाणूंची वाढ पदार्थात एकूण किती पाणी आहे यापेक्षा त्यातलं पाणी किती मोकळं आहे यावर ठरते. अन्नविज्ञानाचा हा आज पायाच झाला आहे. ते मोजायची पद्धतही साधी आहे: नमुना छोट्या बंद कप्प्यात ठेवायचा, वरच्या हवेची आर्द्रता स्थिर होऊ द्यायची आणि तिला १०० ने भागायचं. झाकण लावलेली बरणी नेमकं हेच काम करते, फक्त ओबडधोबडपणे.

म्हणून या आकड्याची सीमा सूक्ष्मजीव ठरवतात. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९० च्या आसपास थांबते आणि नेहमीच्या बहुतेक बुरशींची ०.८० च्या जवळपास. कोरड्यात तग धरणाऱ्या काही अ‍ॅस्परजिलस जाती मात्र ०.७० ते ०.७५ पर्यंत वाढू शकतात. झेरोमायसेस बायस्पोरस ही बुरशी तर ०.६१ लाही हार मानत नाही, पण ती अगदी विरळा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सुक्या गांजाच्या फुलोऱ्यासाठी ०.५५ ते ०.६५ हा पट्टा ठरवला आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या नियमांतही ०.६५ हीच वरची मर्यादा आहे. बरणीतल्या मापकावर हाच पट्टा ५५ ते ६५ असा वाचायचा. त्याखाली बुरशीची भीती उरत नाही, पण फुलं ठिसूळ होतात आणि त्यांच्यावरच्या राळेच्या सूक्ष्म ग्रंथी हात लागताच गळून पडतात. राळेचाच आणखी एक परिणाम असा की, ती स्वतः पाणी फारसं धरत नाही. त्यामुळे दोन वाणांमध्ये वजनाच्या हिशेबाने अगदी सारखं पाणी असलं, तरी जास्त राळेच्या वाणाची बरणी जास्त आकडा दाखवते. निव्वळ वजनावर विसंबू नये, ते यासाठी.

आता सर्वांत फसवी गोष्ट: वेळ. सुकवलेला फुलोरा मधोमध चिरून पाहिला तर बाहेरच्या बारीक पाकळ्या कुरकुरीत असतात आणि आतलं देठ वाकवलं तर मोडत नाही, नुसतं लवतं. पाणी देठात अडकलेलं असतं. बरणी बंद केल्या केल्या मापक वाचतो तो बाहेरच्या कोरड्या थराचा आकडा, समजा ५६. मग देठातलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी तोच मापक ६७ दाखवतो, रात्री कुरकुरीत वाटलेली फुलं सकाळी मऊ लागतात. पाणी बाहेरून कुठूनही आलेलं नसतं. पहिल्या तासाचा आकडा म्हणूनच सोडून द्यावा. किमान एक रात्र जाऊ द्यावी.

आणि झाकण उघडल्याने होतं काय? दिवसातून दोनदा मिनिटभर झाकण उघडलं की ओल निघून जाते, असा समज फार पसरलेला आहे. वरचाच हिशेब पुढे नेऊन बघा. बरणीत ६८ टक्के आणि खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल, तापमान सारखंच असेल, तर बरणीतली सगळीच्या सगळी हवा बदलली तरी बाहेर जातं सुमारे ३ मिलिग्रॅम पाणी. ३० ग्रॅम फुलोऱ्यातलं पाणी वजनाच्या एका टक्क्याने कमी करायचं म्हणजे ३०० मिलिग्रॅम घालवायचं, म्हणजेच अशा जवळजवळ शंभर अदलाबदली! मिनिटभराच्या उघडझापीने साचलेला वास आणि वायू जातात, प्राणवायू आत येतो, पण ओल जवळपास तशीच राहते. आकडा खरोखर चढा असेल तर झाकण काही तास उघडंच ठेवायला हवं, किंवा फुलं बाहेर काढून पसरायला हवीत. आकडा ७० च्या वर असेल तर मी पसरण्याच्याच बाजूचा आहे, कारण तिथे वेळ बुरशीच्या बाजूने असतो.

तापमानाचं वागणंही बरणीत उलटं असतं. मोकळ्या खोलीतली ६० टक्क्यांची हवा २० वरून ३० अंशांवर गेली की तिची सापेक्ष आर्द्रता ३४ टक्क्यांवर उतरते. भरलेल्या बरणीत मात्र उष्णतेने फुलं पाणी सोडतात आणि आकडा थोडासा वरच सरकतो. बरणीची एकच बाजू तापली, तर पाणी त्या बाजूकडून निघून गार बाजूच्या फुलांत जाऊन बसतं. तिथे ओल साठते आणि मधोमध ठेवलेल्या मापकाला त्याचा पत्ता लागत नाही. अंधारी आणि सम तापमानाची जागा सुचवतात त्यामागे हेही कारण आहे.

राहता राहिला मापक. जिनिव्हाच्या ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. केस दमट हवेत किंचित लांबतो, एवढ्यावर ते यंत्र चालायचं. आजच्या डिजिटल मापकात पॉलिमरचा पातळ पापुद्रा असतो. तो हवेतलं बाष्प शोषतो, त्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि त्यावरून आकडा काढला जातो. स्वस्त मापकांत ५ टक्क्यांची चूक सहज असते. म्हणजे ६२ दिसतंय ते खरं ५७ असेल किंवा ६७, आणि ६७ तर सीमेच्या पलीकडे आहे. न तपासलेल्या मापकाच्या भरवशावर बरणी सोडणं मला पटत नाही, कारण तपासणीला चिमूटभर मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घालावं, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावं. न विरघळलेलं मीठ आणि त्याचं संपृक्त द्रावण एकत्र आहेत तोवर वरची हवा २५ अंशांना ७५.३ टक्क्यांवर टिकते आणि तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी फारशी हलत नाही. मापकाने ७१ दाखवलं तर पुढच्या प्रत्येक वाचनात ४ मिळवायचे.

आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्यांतही बहुधा क्षारांची अशीच द्रावणं असतात. फुलं नीट मुरण्याआधी पुडी टाकली तर ती पाणी ओढून घेते, आकडा छान दिसू लागतो आणि देठातली ओल लपून जाते. अति वाळलेल्या बरणीत ती मऊपणा परत आणते खरा, पण उडून गेलेली सुगंधी टर्पीन्स परत येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कमी आर्द्रतेत बुरशी मरत नाही, फक्त वाढायची थांबते. तिचे बीजाणू आणि तिने आधीच सोडलेली विषं सुकलेल्या फुलातही टिकून राहतात. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे, त्यांच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू जीवघेणा संसर्ग करू शकतात, आणि औषध म्हणून गांजा वापरणाऱ्यांत असे रुग्ण असतातच. बरणी काही दिवस ७५ च्या वर राहिली असेल किंवा उघडताच कुबट वास आला, तर नंतर आकडा ६० वर आणून उपयोग नाही. तो माल फेकून द्यावा आणि बरणी उकळत्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करूनच पुन्हा वापरावी.