अभिमान व गर्व (बडोद्याची मराठी)

आपले किंवा आपल्या माणसाचे मोल मानण्याच्या भावनेची ही दोन नावे. दोन्ही तत्सम, पुल्लिंगी. मराठीत अभिमान बहुधा चांगला आणि गर्व वाईट (‘गर्वाचे घर खाली’). गुजरातीत बहुतेक उलट. बडोद्यातल्या मराठी कुटुंबांत घरी मराठी आणि बाहेर गुजराती असल्याने हा घोळ नेहमी होतो.

‘अभिमान’ हा अभि + मन् (मानणे) यापासून. परिमाण, तापमान यांतले मापाचे ‘मान’ मा धातूचे, आणि शरीराची मान ‘मन्या’पासून आलेली, म्हणून ‘अभिमान म्हणजे स्वतःचे मोजमाप’ ही फोड टिकत नाही. सांख्यकारिकेत (सांख्य दर्शनाचा ग्रंथ, कारिका 24) ‘अभिमानोऽहङ्कारः’ अशी व्याख्या आहे: ‘हे मी, हे माझे’ असे मानणे. गीतेच्या 16व्या अध्यायात तो आसुरी संपत्तीत मोडतो (काही पाठांत तेथे ‘अतिमान’ आहे). मराठीतला चांगला अर्थ एकोणिसाव्या शतकात देशाभिमान, भाषाभिमान अशा शब्दांनी रुजवला, असे एक मत. परंतु रामदासांच्या (1608–81) ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’ या चरणात दासाभिमानी म्हणजे दासाला आपला म्हणणारा, त्याचा कैवार घेणारा. तेव्हा हा अर्थ आधीचा असावा आणि पुढे त्याचा प्रसार झाला असावा, हे अधिक संभवते.

मराठी वाक्यात षष्ठी महत्त्वाची ठरते ती यामुळेच. ‘लेकीचा अभिमान वाटतो’ यात आपलेपणा आहे. कशाचा ते न सांगता ‘त्याला फार अभिमान आहे’ म्हटले की ताठा उरतो. ‘स्वाभिमान’ शब्दातच ‘स्व’ असल्याने तो दोन्ही भाषांत निर्धोक.

गुजरातीत ‘एने बहु अभिमान छे’ म्हणजे माणूस शिष्ट आहे. कौतुकाला ‘गर्व’ चालतो. याला गुजराती कवी नर्मदच्या (1833–86) ‘जय जय गरवी गुजरात’चा दाखला देतात, तो बहुधा लागू नाही. ‘गरवी’ची वाट संस्कृत गुरु, त्यावरून प्राकृत गरुअ अशी दिसते, जुन्या मराठीतला ‘गरुवा’ (थोर) तिचाच भाऊबंद.

चूक सर्वांत ठळक दिसते ती निवृत्तीच्या मानपत्रात. ‘अमने तमारा पर गर्व छे’ याचे ‘आम्हाला तुमच्यावर गर्व आहे’ होते. हिंदीमुळे अशी रचना महाराष्ट्रातल्या फलकांवरही येते, पण मराठी कानाला त्यात सत्कारमूर्तीसमोर फुशारकी मारल्यासारखे ऐकू येते. नुसता शब्द बदलून ‘तुमच्यावर अभिमान आहे’ केल्यानेही भागत नाही. ‘वर’ काढून षष्ठी आणावी, ‘आहे’च्या जागी ‘वाटतो’ घ्यावा: ‘आम्हाला तुमचा अभिमान वाटतो.’ उलट, गुजराती शेजाऱ्याला आपल्या नातवाचे कौतुक सांगताना ‘अभिमान’ टाळून ‘गर्व’ म्हणावे. नाहीतर आपणच आढ्यताखोर आहोत असा समज होतो.