पाटी बदलली, मत बदललं

१९७७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ वूलफोक आणि सहकाऱ्यांनी एक खट्याळ प्रयोग केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या वर्गातली एक चित्रफीत दाखवली. त्यातली शिक्षिका हवं तसं वागणाऱ्या मुलांना दाद देत होती. मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात. काही जणांना ही पद्धत 'वर्तन-परिवर्तन' म्हणून सांगितली, काहींना 'मानवतावादी शिक्षण' म्हणून. चित्रफीत तीच, तरी दुसऱ्या गटाला शिक्षिका जास्त आवडली आणि तिची पद्धतही जास्त गुणकारी वाटली!

'तुमचं वर्तन बदलू' म्हटलं की माणूस बिचकतो, आपली कळसूत्री बाहुली होणार असं त्याला वाटतं. मग गोड नाव द्यावं का? मला तो उपाय तकलादू वाटतो. नाव पहिल्या दिवशी कामी येतं, चौथ्या दिवशी नाही.

चौथा दिवस कसा असतो पाहा. मूल झोपताना रडून मोबाइल मागतं. 'रडण्यावर मोबाइल द्यायचा नाही' असं पालक ठरवतात आणि रडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. पालक म्हणतात, उपचार उलटला. खरं तर बटण दाबून लिफ्ट आली नाही की आपणही ते जोरजोरात दाबतोच ना? जुना उपाय चालेनासा झाला की तो सोडण्याआधी आपण नेटाने करून बघतो. ही उसळी येऊ शकते हे आधी माहीत असलेले पालक टिकण्याची शक्यता जास्त. माहीत नसलेले नेमके तेव्हाच मोबाइल देतात, आणि मूल शिकतं की आणखी मोठ्याने रडायचं.

निद्रानाशाचंही तेच. आठ तास अंथरुणात पडून साडेपाच तासच झोपणाऱ्याला सांगतात, सध्या साडेपाच तासच आडवं व्हा. ऐकणाऱ्याला हा छळ वाटतो. पण जागं राहण्याने झोपेची ओढ साठते, ती सलग झोप आणते आणि मग वेळ हळूहळू वाढवतात, एवढं उलगडून सांगितलं की तोच माणूस तयार होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी विचार आणि सवयी बदलणाऱ्या ज्या उपचाराची शिफारस केली, त्यातलाच हा एक भाग.

मात्र लोकांचा प्रत्येक नकार अज्ञानातून येतो असं समजू नये. १९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲलन कॅझ्डिन यांनी मुलांच्या वर्तनसमस्यांवरचे चार उपाय विद्यार्थ्यांपुढे ठेवले. चांगल्या वागण्याचं प्रबलन सर्वाधिक पसंत पडलं, त्याखालोखाल टाइम-आउट (मुलाला थोडा वेळ बाजूला बसवणं), मग औषध. विजेचा झटका तळाशी. उपचार समजलेला माणूस होकार देतो तसा 'हे वागणं बदलायचं कुणी ठरवलं?' असंही विचारतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९७३ पर्यंत समलैंगिकता हा आजार होता, आणि तो 'बरा' करायला असेच झटके दिले जात.