सायरन वाजल्यावर बाल्कनीत जायचं नसतं

माझा भाचा मागच्या ऑगस्टमध्ये ओक्लाहोमाला एमएसला गेला. एप्रिलमध्ये एकदा पहाटे पाचला त्याचा मेसेज आला, "मावशी टोर्नॅडो वॉर्निंग आलीय, हा बघ व्हिडिओ." व्हिडिओ बाल्कनीतून काढलेला. मागे सायरन केकाटतोय, आकाश हिरवट काळं झालंय आणि रूममेट ओरडतोय, "अरे तिकडे बघ, तिकडे!" तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. ढग दुसरीकडून निघून गेला, काही झालं नाही, पण मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. कारण वॉर्निंग मिळाली की हातात जी मिनिटं असतात ती नेमकी अशीच जातात, बाल्कनीत उभं राहून.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊया, आपली मुलं तिकडे गेल्यावर यातच गोंधळतात. टोर्नॅडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला, जोरात फिरणारा हवेचा खांब. टोर्नॅडो वॉच म्हणजे आज या पट्ट्यातली हवा टोर्नॅडो तयार होण्यासारखी आहे, काही तास लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे रडारवर ढगात फिरकी दिसलीय किंवा कोणीतरी टोर्नॅडो डोळ्यांनी बघितलाय, आत्ताच्या आत्ता आडोसा घ्या. आपल्याकडे हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला आणि बहुतेकदा अख्ख्या दिवसासाठी असतो, त्यामुळे अलर्ट आला तरी आपण डबा घेऊन ऑफिसला निघतो. तिकडची वॉर्निंग तशी नसते. ती नकाशावरच्या एका छोट्या तुकड्यापुरती असते, साधारण अर्धा पाऊण तास चालते, आणि वॉर्निंग निघाल्यापासून टोर्नॅडो येईपर्यंत सरासरी दहा ते पंधरा मिनिटं मिळतात. कधी त्याहून कमी, कधी शून्य.

इतका कमी वेळ का, तर ते टोर्नॅडो कसा बनतो त्यात आहे. मेक्सिकोच्या आखातावरून खालून उबदार दमट हवा येते, वरून पश्चिमेकडून कोरडी थंड हवा येते, म्हणजे जमिनीजवळचा वारा एका दिशेने आणि उंचावरचा वेगळ्या दिशेने आणि जास्त जोरात. या दोघांच्या मधली हवा पोळपाटावर लाटणं फिरतं तशी आडवी फिरायला लागते. मग गरम हवेचा जोरदार झोत वर उसळतो आणि हे आडवं लाटणं उभं करतो, आणि अख्खा ढग स्वतःभोवती फिरायला लागतो, त्याला सुपरसेल म्हणतात. अशा ढगातून कधीकधी टोर्नॅडो खाली उतरतो. उन्हाळ्यात आपल्याकडे मैदानात धूळ आणि पाचोळा फिरवत जाते ती वावटळ वेगळी, ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नॅडो ढगाला चिकटलेला असतो. आपल्या वळवाच्या पावसात गारा असतात, विजा असतात, झाडं पडतात, पण थराथरातल्या वाऱ्यांची अशी जुळणी क्वचितच होते. भारतात होतच नाही असं मात्र नाही. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत टोर्नॅडो आला होता, तोही दिल्ली युनिव्हर्सिटीच्या नॉर्थ कॅम्पसच्या भागात, आणि त्यात २८ माणसं गेली.

बरं, डॉप्लर रडारला ढगातली फिरकी दिसते. एका बाजूची हवा रडारकडे येतेय आणि लगेच शेजारची दूर जातेय, हिरवा आणि लाल रंग एकमेकांना खेटून दिसतात. पण रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी गोल, म्हणून जितकं लांब तितका झोत जमिनीपासून वर, आणि तळाशी काय चाललंय ते दिसत नाही. शिवाय फिरणाऱ्या प्रत्येक ढगातून टोर्नॅडो उतरत नाही, बहुतेक ढगांतून उतरतच नाही. म्हणून दहापैकी साधारण सात वॉर्निंग फुकट जातात. फुकट हा शब्द मी वापरला खरा पण तो मला पटत नाही, न उतरलेला टोर्नॅडो ही चांगलीच बातमी आहे. तरी माणसाचं मन तसं नाही. तीनदा सायरन वाजून काही झालं नाही की चौथ्यांदा आपण आधी खिडकीशी जातो.

२२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉपलिन गावात टोर्नॅडोने १५८ माणसं गेली, आणि नंतर तिकडच्या हवामान खात्याने लोकांशी बोलून जे बघितलं ते वाचून मन विषण्ण होतं. बहुतेकांनी पहिल्या सायरनला आडोसा घेतलाच नाही. कोणी टीव्ही लावला, कोणी घरच्यांना फोन केला, कोणी बाहेर येऊन आकाश बघितलं. खरं आहे ना याची दुसरी खूण मिळेपर्यंत माणूस थांबतो. हा मूर्खपणा नाही, आपण सगळेच असे आहोत, आणि म्हणूनच कुठे जायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

कॅम्पसचं उदाहरण घ्या. ५ फेब्रुवारी २००८, टेनेसीतल्या जॅक्सनची युनियन युनिव्हर्सिटी, संध्याकाळी सातची वेळ. ईएफ ४ दर्जाचा (नुकसानीवरून ठरणाऱ्या शून्य ते पाचच्या पट्टीवर चार) टोर्नॅडो सरळ हॉस्टेलवर आला. इमारती अक्षरशः कोसळल्या, पन्नासच्या आसपास मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, काही जण ढिगाऱ्याखाली तासन् तास अडकले, पण एकही मूल गेलं नाही. कारण टोर्नॅडो पोचायच्या आधी मुलांना तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये वगैरे हलवलं होतं. आणि दुसरीकडे २७ एप्रिल २०११, अलाबामातलं टस्कलूसा. त्या एका दिवसात अमेरिकेत दोनशेच्या वर टोर्नॅडो झाले, तीनशेच्या वर माणसं गेली. टस्कलूसाचा टोर्नॅडो टीव्हीवर लाईव्ह दिसत होता, वारा ताशी ३०० किलोमीटरच्या घरात. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाचा कॅम्पस थोडक्यात वाचला, तरी तिचे सहा विद्यार्थी गेले. गावातल्या ज्या वस्त्यांवरून तो गेला तिथे विद्यार्थी भाड्याने राहायचे. परीक्षा रद्द झाल्या, पदवीदान ऑगस्टवर गेलं.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपली मुलं बहुतेक कॅम्पसबाहेर राहतात, भाडं वाचवायला, चौघं मिळून लाकडी सांगाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आणि वरच्या मजल्यावर. कॅम्पसच्या बिल्डिंगमध्ये भिंतीवर आडोशाची पाटी लावलेली असते, तुमच्या अपार्टमेंटमध्ये ती तुम्हीच मनात लावायची. सगळ्यात खालचा मजला, मधली खोली, खिडकी नको, तुमच्या आणि बाहेरच्या हवेच्या मधे जितक्या भिंती येतील तितक्या. बाथरूम, जिन्याखालची जागा, आतला पॅसेज. जिम, ऑडिटोरियम, मोठं डायनिंग हॉल नको, एवढं रुंद छत आधी उडतं. लिफ्ट नको. पायात बूट घाला, नंतर सगळीकडे काचा आणि खिळे असतात, आणि सायकलचं हेल्मेट असेल तर डोक्यावर, कारण माणसं मरतात ती जास्त करून उडून येणाऱ्या वस्तूंनी. खिडक्या उघडल्या की हवेचा दाब सारखा होऊन घर वाचतं हे साफ खोटं आहे, त्यात फक्त मिनिटं जातात. गाडी काढून पळू नका, आणि फ्लायओव्हरखाली तर अजिबात थांबू नका, तिथे वारा उलट चिंचोळ्या जागेतून जास्त जोरात येतो.

अजून एक, सायरन हा बाहेर असलेल्या माणसांसाठी असतो, एसी लावून कानात हेडफोन घालून झोपलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या अलर्टमध्ये स्वतःचा तिकडचा नंबर टाका (कित्येकांचा तिथे अजून भारतातलाच नंबर असतो) आणि फोनमधले इमर्जन्सी अलर्ट कर्कश वाटतात म्हणून बंद करू नका.

आणि इकडच्या आईबाबांना एवढंच. तिकडची दुपारी चार ते रात्री नऊ ही धोक्याची वेळ, म्हणजे आपली पहाटे अडीच ते सकाळी साडेसात. वॉर्निंग कळली की फोनवर फोन करू नका. पोरगं जिन्यात असेल, खाली पळत असेल. एक मेसेज टाका आणि थांबा, नंतर नेटवर्क तुंबलं तरी मेसेज बरेचदा पोचतो.

मी भाच्याला रागावले नाही. फक्त विचारलं, तुमच्याकडे खाली जायला किती वेळ लागतो? त्याला माहीत नव्हतं. त्या रविवारी चौघांनी बूट घालून, घड्याळ लावून जिना उतरून बघितला, दोन मिनिटांच्या आत झालं, पण खाली पोचल्यावर लक्षात आलं की लॉबी अख्खी काचेची आहे. मग तळमजल्यावरच्या कोरियन मुलींचं दार वाजवलं. त्यांचं बाथरूम मधोमध आहे, बिनखिडकीचं. त्या म्हणाल्या या, दार उघडं ठेवू.