बोनारची पॅरिसमधील रस्ताचित्रे

प्येर बोनार (१८६७–१९४७) या फ्रेंच उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) चित्रकाराने पॅरिसच्या रस्त्यांविषयी केलेली तैलचित्रे, शिलामुद्रिते (दगडावर रेखाटून छापलेली चित्रे) आणि एक घडीचा पडदा. यांतील बहुतेक काम १८९० नंतरच्या दशकातले आहे. क्लिशी चौक, बातिन्योल आणि मोंमार्त्र हा बोनारच्या राहण्या-फिरण्याचा परिसर. चित्रांत तोच येतो. नावाजलेल्या वास्तू क्वचितच दिसतात. जाता-येता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतील एवढीच माणसे, घोडे आणि कुत्री त्याने टिपली.

बोनारने वडिलांच्या आग्रहाखातर कायद्याचे शिक्षण घेतले. ‘फ्रान्स-शँपेन’ या मद्याच्या जाहिरातीसाठी केलेले त्याचे भित्तिपत्रक १८९१ मध्ये पॅरिसच्या भिंतींवर लागले आणि वकिली मागे पडली. रस्ता रंगवण्याआधी त्याचे चित्र रस्त्यावर लागले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चालत्या माणसाची नजर क्षणभरच ठरते, हे भान त्याच्या पुढच्या कामातही दिसते.

१८९० मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी मुद्राचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. बोनारवर त्याचा इतका परिणाम झाला की ‘नाबी’ या तरुण चित्रकारांच्या गटातले त्याचे मित्र त्याला ‘फार जपानी नाबी’ म्हणू लागले. सपाट रंग, कडेला कापलेल्या आकृती आणि मोकळी सोडलेली जागा ही त्या चित्रांची देणगी.

‘दाईंची फेरी, घोडागाड्यांची किनार’ या चार फळ्यांच्या पडद्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. वरच्या कडेला भाड्याच्या घोडागाड्यांची रांग, मध्ये मुले फिरवायला निघालेल्या दाई, खाली मुलांसह एक तरुण आई. जागा प्लास द ला काँकॉर्डची आहे, पण चौकातला ओबेलिस्क नाही, कारंजी नाहीत. बराचसा भाग नुसता कोरा आहे. इतका मोठा चौक इतक्या कमी रेषांत बसवायला धारिष्ट लागते.

‘लहान धोबीण’ (१८९६) हे रंगीत शिलामुद्रित याहून साधे. एक पोरगी पाठमोरी, हाताला कपड्यांची टोपली, दुसऱ्या हातातल्या छत्रीचा काठीसारखा आधार. पलीकडे एक कुत्रे. टोपलीचे ओझे तिच्या कलत्या अंगावरून कळते. चेहरा दाखवायची गरजच पडत नाही. दया वाटावी म्हणून काही केलेले नाही, हा या चित्राचा मोठेपणा. साधारण १८९५ च्या ‘घोडागाडीचा घोडा’ या छोट्या तैलचित्रात घोडा आणि काळ्या कपड्यांतली स्त्री जवळजवळ छायाकृतीच आहेत. उजेड पडला आहे तो मागच्या रस्त्यावर. हे चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

चित्रविक्रेता आंब्रवाझ व्होलार याने १८९९ मध्ये ‘पॅरिसच्या जीवनाची काही अंगे’ हा संच प्रसिद्ध केला. मुखपृष्ठ आणि बारा रंगीत शिलामुद्रिते असलेला हा संच ओग्यूस्त क्लो याने छापला. प्रती १०० होत्या. पावसातली संध्याकाळची गल्ली, पूल, हातगाडीवर भाजी-फळे विकणारा, वरून दिसणारा रस्त्याचा कोपरा, नाट्यगृहाचा सज्जा असे विषय त्यात आहेत. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार पिसारो यानेही १८९७ मध्ये हॉटेलच्या खिडकीतून मोंमार्त्र बुलव्हार रंगवला होता, पण त्याला गर्दीचा एकत्र प्रवाह दिसतो. बोनार उंचावरून पाहतानाही माणसे वेगवेगळी ठेवतो. संचाला त्या वेळी गिऱ्हाईक फारसे लाभले नाही.

बोनार रस्त्यावर झटपट रेखाटने करी. चित्र पुढे घरी, आठवणीतून आकार घेई. रंगांत दिसणारा धूसरपणा बराचसा या पद्धतीतून आला असावा. १९१२ मध्ये त्याने ‘क्लिशी चौक’ हे मोठे तैलचित्र केले आणि १९२८ मध्ये त्याला जोड म्हणून त्याच भागातल्या एका कॅफेचे. दोन्ही समीक्षक जॉर्ज बेसाँ याच्यासाठी होती आणि आता ती फ्रान्समधल्या बझाँसों शहराच्या संग्रहालयात आहेत. दुसरे चित्र पुरे होईपर्यंत बोनारने दक्षिणेत ल काने येथे घर घेतले होते. पुढच्या कामात रस्त्याची जागा जेवणाचे टेबल, न्हाणीघर आणि बागेकडची खिडकी यांनी घेतली.